वासराच्या बापाची नोंद



उसाची लागण झाली की आपण गट ऑफिसात जाऊन नोंद करतो. जात, तारीख, क्षेत्र सगळे लिहून येते, कारण नोंद नाही तर वेळेवर तोड नाही. गोठ्यात मात्र आपला हा हिशेबीपणा राहत नाही. गाय भरवली एवढे ध्यानात असते. कोणत्या वळूची, कोणत्या तारखेला, असे विचारले तर घरात चार जणांची चार उत्तरे येतात.

याने दोन प्रकारे नुकसान होते. खिलार, गीर किंवा पंढरपुरी म्हैस शिंगा-रंगावरून ओळखू येते. पण आई-बाप दोघेही त्याच जातीचे होते, हे शिंगे सांगत नाहीत. नोंद नसेल तर चांगल्या कालवडीलाही बाजारात अंदाजाचाच भाव मिळतो. दुसरे नुकसान मोठे. बाप माहीत नसला की लेक बापालाच भरवली जाते. अशा वासरात आंतरपैदाशीचे प्रमाण २५ टक्के येते; एका बापाच्या सावत्र भावंडांत १२.५ टक्के. मग वासरे अशक्त निपजतात, मरतूक वाढते, दूध घटते, जनावर वेळेवर गाभण राहत नाही. म्हणून गावचा वळू दर दोन-तीन वर्षांनी बदलावा. तेवढ्यात त्याच्या लेकी माजावर येऊ लागतात.

वळू निवडताना त्याच्या आईचे दूध विचारावे. क्षयरोग, जोन्स आणि सांसर्गिक गर्भपात यांच्या तपासण्या झाल्या आहेत का, हे पशुवैद्यकांकडून समजून घ्यावे. कृत्रिम रेतन असेल तर रेतनाच्या कांडीवर वळूचा क्रमांक व जात छापलेली असते. रिकामी कांडी टाकण्याआधी ती वहीत उतरवून घ्यावी.

वहीत एवढे हवे :
१) गाईच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक
२) भरवल्याची तारीख
३) वळूचा क्रमांक व जात
४) गाय उलटली तर पुन्हा भरवल्याची तारीख व वळू
५) व्याल्याची तारीख, नर की मादी

चौथा रकाना फार महत्त्वाचा. समजा, गाय १ जानेवारीला एका वळूची भरवली, ती उलटली आणि २२ जानेवारीला दुसऱ्याची भरवली. गाईचे दिवस साधारण २८० धरले तर पहिल्याची तारीख ८ ऑक्टोबर, दुसऱ्याची २९ ऑक्टोबर येते. गाय २७ ऑक्टोबरला व्याली तर बाप दुसरा धरावा. दोन्ही तारखांत थोडेच दिवसांचे अंतर असेल तर वहीवरून ठरत नाही; तिथे डीएनए तपासणीच लागते. म्हशीसाठी सुमारे ३१० दिवस धरावेत.

जुळे झाले तर तेही लिहावे. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते. नोंद नसेल तर तिला दोन-तीन वर्षे फुकट चारा घालण्याची पाळी येते.

वासराला बिल्ला मारताना ही वही पशुवैद्यकांपुढे ठेवावी, म्हणजे सरकारी नोंदीतही आई-बाप बरोबर लागतील. विक्रीच्या दिवशी आठवून लिहिलेली नोंद खरी मानू नये. गाय भरवली, त्याच संध्याकाळी वही उघडावी.