पेजचं यूजरनेम ठरवताना

मंडळी, पेजच्या लिंकमध्ये नुसतं ‘शिवाजीनगर’ टाकून भागत नाही. पुण्यात शिवाजीनगर, मुंबईत गोवंडीला शिवाजी नगर, बंगळुरातसुद्धा आहेच! म्हणून आपल्याला ‘भोपाळ’ हवंच.

फेसबुकवर यूजरनेम इंग्रजी अक्षरांतच लागतं, कमीत कमी ५. आकडे, टिंब चालतात, मध्ये जागा सोडता येत नाही. टिंब घातल्याने किंवा अक्षर मोठं केल्याने नाव वेगळं धरत नाहीत.

‘मच्छीमार’ आम्ही टाळलं. कुणी एक एच लावतो, कुणी दोन. गिऱ्हाईक भलत्याच पेजवर ऑर्डरचे पैसे पाठवायचं! ‘मासे’मध्येही ए एक की दोन, तोच घोळ. ‘फिश’ मात्र फोनवर सांगितलं तरी सगळे बरोबर लिहितात.

बोर्ड, पावतीपुस्तक छापण्याआधीच काय ते ठरवा. नंतर बदललं तर छापलेली जुनी लिंक उघडेल याचा भरवसा नाही.