घटक ४ : विद्यापीठातील राजकारण-संस्था आणि नागरी सहभाग

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस,
१. राज्यशास्त्राचा विभाग आणि राजकारण-संस्था यांतील फरक सांगता येईल.
२. हार्वर्ड विद्यापीठातील राजकारण-संस्थेचे प्रमुख उपक्रम स्पष्ट करता येतील.
३. सत्ताधारी व्यक्तीला प्रश्न विचारण्याची संधी आणि नागरी सहभाग यांचा संबंध विशद करता येईल.
४. सार्वजनिक सभेत विचारण्याजोगा प्रश्न तयार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विद्यापीठात राजकारणाचा अभ्यास दोन रीतींनी होऊ शकतो. पहिली रीत आपल्या परिचयाची आहे : राज्यघटना, विचारवंत, शासनपद्धती यांचे अध्ययन करून परीक्षा देणे. दुसऱ्या रीतीत विद्यार्थ्याची गाठ प्रत्यक्ष राजकारण करणाऱ्यांशी घालून दिली जाते. तेथे पदवी नसते, गुण नसतात. भेट, चर्चा आणि काम असते. या दुसऱ्या रीतीसाठी काही विद्यापीठांनी स्वतंत्र संस्था स्थापन केल्या. त्यांपैकी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या राजकारण-संस्थेचा विचार आपण प्रस्तुत घटकात करणार आहोत. उपक्रमांची यादी पाठ करणे हा येथे हेतू नाही. अशा संस्थेचे मोल कशावरून ठरवावे, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ स्थापना

राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी हत्या झाली. ते हार्वर्डचेच पदवीधर होते. त्यांचे स्मारक म्हणून १९६६ मध्ये ही संस्था सुरू झाली. तरुणांना सार्वजनिक जीवनाकडे वळवणे हा तिचा उद्देश होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या अधिकारांचे अभ्यासक रिचर्ड न्यूस्टॅट हे तिचे पहिले संचालक.

४.२.२ उपक्रम व संधी

संस्थेच्या उपक्रमांचे सोयीसाठी तीन गट करता येतील.

(अ) ऐकणे व विचारणे : दर सत्रात काही अधिछात्र संस्थेत वास्तव्यास येतात. त्यांत माजी लोकप्रतिनिधी, प्रचारप्रमुख, पत्रकार, चळवळीतील कार्यकर्ते असतात. प्रत्येक जण दर आठवड्याला एक अभ्यासगट चालवतो. या गटांना शैक्षणिक गुण नसल्यामुळे विद्यार्थी केवळ जिज्ञासेपोटी येतात. १९७८ पासून मोठ्या सार्वजनिक सभांसाठी एक सभागृह वापरात आहे. तेथे भाषणानंतर श्रोते ध्वनिक्षेपकासमोर रांग लावतात. संकेत ठरलेला आहे : आपली ओळख सांगावी, एकच प्रश्न विचारावा, तो थोडक्यात असावा आणि त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असावे.

(आ) करणे : सरकारी कार्यालये व सार्वजनिक संस्थांमध्ये उन्हाळी उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य मिळते. काही विद्यार्थी परिसरातील शाळांत जाऊन नागरिकशास्त्र शिकवतात. मतदार-नोंदणीचे कामही केले जाते.

(इ) शोधणे : २००० साली विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने तरुणांच्या राजकीय मतांची पाहणी सुरू झाली. समाजसेवेसाठी स्वेच्छेने वेळ देणारे तरुण राजकारणापासून दूर का राहतात, हे कोडे तिच्या मुळाशी होते. आज ही पाहणी १८ ते २९ या वयोगटाची मते नोंदवते.

याशिवाय काँग्रेसवर नव्याने निवडून आलेल्या सदस्यांसाठी संस्था १९७२ पासून प्रशिक्षणवर्ग घेते. म्हणजे एकाच वास्तूत सत्तेत जाणारेही शिकतात आणि सत्तेला प्रश्न विचारणारेही.

४.२.३ ७ नोव्हेंबर १९६६

संस्था नवी असतानाच तिच्यापुढे मूलभूत प्रश्न उभा राहिला. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा हे संस्थेचे पहिले मानद सहयोगी म्हणून हार्वर्डला आले. व्हिएतनाममधील युद्ध तेव्हा वाढत चालले होते आणि सैन्यात सक्तीने भरती होण्याची टांगती तलवार तरुणांवर होती. संस्थेने मंत्र्यांची निवडक विद्यार्थ्यांशी खासगी भेट ठरवली होती. युद्धविरोधी विद्यार्थी संघटनेची मागणी वेगळी होती : मंत्र्यांनी युद्धाच्या विरोधकाशी जाहीर वादविवाद करावा. ही मागणी मान्य झाली नाही.

मंत्री बाहेर पडताच शेकडो विद्यार्थ्यांनी त्यांची मोटार अडवली. मोटारीवर उभे राहून त्यांनी काही प्रश्नांना उत्तरे देण्याचा प्रयत्न केला. परंतु आरडाओरडा वाढत गेला. अखेर त्यांना इमारतींखालील भुयारी मार्गाने सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या वेळी त्यांच्या सोबतीस संस्थेतील एक तरुण होता : बार्नी फ्रँक, जे पुढे दीर्घकाळ काँग्रेसचे सदस्य होते. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी मंत्र्यांची माफी मागितली.

या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहता येते. पाहुण्याची वाट अडवणे हा संवाद नव्हे, हे खरे. गोंगाटात प्रश्नही ऐकू येत नाही आणि उत्तरही. मात्र ज्यांना रणभूमीवर पाठवले जाऊ शकत होते, त्यांना जाहीरपणे विचारण्याची वाट मिळाली नव्हती, हेही तितकेच खरे. खासगी भेटीत मंत्री मोकळेपणाने बोलतील, असा संस्थेचा हिशेब होता. त्या मोकळेपणाचा लाभ मोजक्यांना मिळणार होता, दाराबाहेरच्यांना नाही. सत्ताधाऱ्यांशी जवळीक असल्याशिवाय अशी संस्था चालत नाही, आणि ती जवळीकच तिच्यावरील अविश्वासाचे कारण ठरते.

४.२.४ व्यासपीठ आणि सन्मान

हाच पेच पुढे वेगळ्या रूपाने आला. सप्टेंबर २०१७ मध्ये, गोपनीय लष्करी कागदपत्रे उघड केल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या चेल्सी मॅनिंग यांना अतिथी अधिछात्र म्हणून निमंत्रण देण्यात आले. त्याच्या निषेधार्थ गुप्तचर खात्याच्या प्रमुखांनी आपले भाषण रद्द केले. अधिष्ठात्यांनी अधिछात्रपद मागे घेतले. येऊन बोलण्याचे निमंत्रण मात्र कायम ठेवले. जानेवारी २०२१ मध्ये काँग्रेस-सदस्य एलिस स्टेफॅनिक यांना संस्थेच्या ज्येष्ठ सल्लागार समितीतून दूर करण्यात आले. निवडणुकीतील गैरप्रकारांविषयी त्यांनी पुराव्याविना विधाने केली, हे कारण देण्यात आले. दोन्ही निर्णयांवर टीका झाली : पहिला दबावाखाली घेतला गेला, दुसरा एका पक्षाविरुद्ध आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

या निर्णयांशी आपण सहमत असा वा नसा, त्यांतून एक भेद लक्षात घ्यावा. एखाद्याचे ऐकून घेणे वेगळे आणि त्याला पद देऊन गौरवणे वेगळे. ऐकण्याचे दार जितके रुंद असेल तितके चांगले. मात्र ऐकण्यासोबत उलट प्रश्न विचारण्याची मुभा असली पाहिजे. ती नसेल तर व्यासपीठाचा नुसता सत्कारसमारंभ होतो. अशा संस्थेचे मोल ठरवण्याची कसोटी हीच : तेथे कोण आले, यापेक्षा त्यांना कोणी आणि काय विचारू शकले.

४.२.५ आपला संदर्भ

दूरशिक्षणाने शिकणाऱ्या आपणांपैकी अनेकांना नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून अभ्यास करावा लागतो. हार्वर्डसारखी साधनसंपत्ती आपल्या केंद्रात नाही. परंतु विचारण्याचा हक्क आपणांस कायद्याने दिलेला आहे. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. तिला निमंत्रणाची गरज नसते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार गावात वा शहरात कोणत्याही नागरिकाला अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार हा अर्ज एकाच विषयाचा आणि सामान्यतः १५० शब्दांच्या आत असावा लागतो. हार्वर्डच्या सभागृहातील संकेताशी याचे साम्य आपल्या ध्यानात आले असेलच.

नेमका प्रश्न विचारणे हे भाषिक कौशल्य आहे. पुढील दोन वाक्ये पाहा.

१. "आमच्या वस्तीला पाणी मिळत नाही, हा अन्याय आहे."
२. "आमच्या वस्तीच्या नळयोजनेसाठी मंजूर रकमेपैकी किती खर्च झाली आणि काम कोणत्या महिन्यात पूर्ण होईल?"

पहिले वाक्य खरे असले तरी त्याला सहानुभूतीचे चार शब्द बोलून टाळता येते. दुसऱ्याला आकडा आणि महिना द्यावाच लागतो. न दिल्यास तो दिला नाही, हे सर्वांना दिसते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. संस्थेचे पहिले संचालक कोण होते?
२. सार्वजनिक सभागृह कोणत्या वर्षापासून वापरात आले?
३. १९६६ मध्ये युद्धविरोधी विद्यार्थ्यांची मागणी कोणती होती?

४.३ सारांश

राजकारण-संस्था विद्यार्थ्याला ऐकण्याची, विचारण्याची, करण्याची व शोधण्याची संधी देते. सत्तेशी असलेली जवळीक हे तिचे बळ आहे आणि तिची परीक्षाही. प्रश्न विचारण्याचे दार सर्वांसाठी उघडे असेल तरच तिच्या उपक्रमांना नागरी सहभाग म्हणता येईल.

४.४ पारिभाषिक शब्द

अधिछात्र : विद्यापीठात ठरावीक काळ अभ्यास व मार्गदर्शन करण्यासाठी नेमलेली व्यक्ती.
अधिष्ठाता : महाविद्यालयाचा वा विद्याशाखेचा प्रमुख.
मानद : विनावेतन, सन्मानार्थ दिलेले (पद).

४.५ प्रश्नांची उत्तरे

१. रिचर्ड न्यूस्टॅट. २. १९७८. ३. संरक्षणमंत्र्यांनी जाहीर वादविवाद करावा.

४.६ स्वाध्याय

१. 'ऐकून घेणे आणि गौरवणे यांत फरक आहे.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. १९६६ च्या प्रसंगात संस्था आणि विद्यार्थी यांच्या भूमिकांचे मूल्यमापन करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील पुढील ग्रामसभेस उपस्थित राहा. शहरात राहत असल्यास एका विषयावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. विचारलेला प्रश्न शब्दशः लिहा, मिळालेले उत्तर त्याखाली नोंदवा आणि प्रश्नाचा कोणता भाग अनुत्तरित राहिला, ते दहा ओळींत लिहून संपर्कसत्रात वाचून दाखवा.