नक्कल खरी उतरली, हे कशावरून?



घरात नवा कॉम्प्युटर आला की जुन्यातील फाईली नव्यात नेण्याचे काम हल्ली बहुधा तुमच्याच वाट्याला येते. कधी कधी तर कॉम्प्युटर असतो आजोळी आणि तुम्ही असता शंभर कोसांवर! मग फोनवरूनच सारे सांगावे लागते. काम सोपे वाटते, पण त्यात पदार्थविज्ञान आहे, गणित आहे आणि थोडेसे मानसशास्त्रही आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्यावर हाच प्रसंग आला. त्यात माझ्या ज्या चुका झाल्या त्यांसकट तो सांगतो.

माझी आत्या चिपळूणला राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, आता हयात नाहीत. अंगणात पर्जन्यमापक लावून ते रोज सकाळी पाऊस मोजत आणि १९९८ पासून त्याची नोंद कॉम्प्युटरवर ठेवत. सोबत आभाळ कसे होते, वारा कुठला होता, हेही मराठीत लिहीत. त्याच यंत्रात त्यांच्या आवाजातील काही ध्वनिफिती, घरातील छायाचित्रे आणि एका लग्नाची चित्रफीत होती. आत्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि मला फोन केला. म्हणाली, "अरे, जुना मधूनमधून टक्‌ टक्‌ असा आवाज करतोय. बिघडायच्या आत काकांचं सगळं इकडे आणायचंय."

तो 'टक्‌ टक्‌' ऐकून मी सावध झालो. का, ते आधी पाहू.

चकतीवरचे चुंबक

जुन्या कॉम्प्युटरमधील हार्ड डिस्क म्हणजे गुळगुळीत चकत्यांची एक चवड. चकतीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. त्याच्या अतिसूक्ष्म भागांची चुंबकीय दिशा अशी की तशी, यावरून ० किंवा १ ठरतो. असा एक ० किंवा १ म्हणजे एक बिट. आठ बिट मिळून एक बाइट.

घरगुती यंत्रात ही चकती पुष्कळदा मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. तिच्यावरील खुणा वाचणारे हेड चकतीला टेकत नाही. हवेच्या पातळ गादीवर ते काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर असते. यावरून ही फट किती लहान, याची कल्पना करा. धुराचा कणही या फटीत मावत नाही!

हेडला आपली जागा सापडेनाशी झाली की ते परत मूळ जागी जाऊन पुन्हा शोध घेते. तो 'टक्‌' आवाज बहुधा या धडपडीचा असतो. अशा चकतीचे आयुष्य तासांचे की महिन्यांचे, हे सांगता येत नाही. म्हणून पहिला नियम असा की जे पुन्हा मिळणार नाही, ते आधी उचलावे. गाणी व सिनेमे पुन्हा मिळतात. पावसाच्या नोंदी आणि काकांचा आवाज मिळणार नाही. आम्ही क्रम लावला: नोंदी, आवाज, छायाचित्रे, चित्रफीत.

रस्ता कोणता?

सर्व मिळून ३६ गिगाबाइट मजकूर होता. तो इंटरनेटवरून आधी माझ्याकडे घ्यावा आणि मग नव्या यंत्रावर पाठवावा, असे मला प्रथम वाटले. पण गणित करून पाहू.

इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात, फाईलीचा आकार मात्र बाइटमध्ये. येथेच पुष्कळ जण फसतात. ३६ गिगाबाइट म्हणजे ३६ × ८ = २८८ गिगाबिट, अर्थात २,८८,००० मेगाबिट. आत्याच्या घरून मजकूर वर चढवण्याचा वेग होता सेकंदाला ४ मेगाबिट. २,८८,००० ला ४ ने भागले की ७२,००० सेकंद येतात, म्हणजे बरोबर २० तास! तेवढ्या वेळात एस.टी.ने चिपळूणहून पुण्याला येऊन परतही जाता येईल. आणि टकटकणारी चकती २० तास फिरवत ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

आता पेनड्राइव्हचा विचार करा. आत्याकडील पेनड्राइव्हवर सेकंदाला सुमारे १५ मेगाबाइट लिहिले जात होते. ३६,००० भागिले १५ म्हणजे २,४०० सेकंद, केवळ ४० मिनिटे. दोन्ही यंत्रे एकाच टेबलावर असताना मजकूर गावोगाव कशाला फिरवायचा? दुरून जायला हवी होती ती फक्त सूचना. तिला फोन पुरेसा होता.

प्रत्यक्षात ४० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला. कारण फाईली लहान लहान आणि हजारो होत्या. प्रत्येक नवी फाईल शोधायला हेडला सरकावे लागते. त्यात सेकंदाचा शंभरावा भाग जातो असे धरले, तरी १०,००० फाईलींना नुसत्या सरकण्यातच १०० सेकंद लागतात. शिवाय पेनड्राइव्हलाही प्रत्येक फाईलीची वेगळी नोंद करावी लागते. एक मोठे पिंप ओतणे आणि तेवढेच पाणी चमच्याचमच्याने नेणे यांत फरक पडणारच.

फोनवरची नक्कल

फोनवरून सूचना देणे हीसुद्धा एक नक्कलच आहे. माझ्या डोक्यातील कृती आत्याच्या हातात उतरायची आहे. या नकलेतही चुका होतात. विमानाचा वैमानिक नियंत्रकाची सूचना ऐकून नुसते 'हो' म्हणत नाही, तर सूचनेतील आकडे पुन्हा उच्चारून दाखवतो. चूक झाली असेल तर ती तिथेच कळते.

मी मात्र हे विसरलो. "झालं का?" असे मी विचारले. "झालं," आत्या म्हणाली. मी निर्धास्त झालो. वास्तविक "पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखव," असे मी म्हणायला हवे होते. प्रश्न असा विचारावा की त्याचे उत्तर 'हो' असे देताच येऊ नये.

मोजून पाहा

जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्कळदा ग्रंथसंख्या लिहिलेली असते. नक्कल करणाऱ्याने श्लोक मोजावेत. संख्या जुळली नाही तर काही गळले आहे हे समजावे. कॉम्प्युटरवरही तसेच करता येते. फोल्डरवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडले की आत फाईली किती व एकूण बाइट किती, हे आकडे दिसतात.

आत्याने दोन्हीकडचे आकडे वाचले. जुन्या यंत्रावर ४,८१२ फाईली होत्या, पेनड्राइव्हवर ४,८११!

हरवलेली फाईल होती लग्नाची चित्रफीत, आकार ५ गिगाबाइटच्या वर. पेनड्राइव्हवर जागा तर भरपूर होती. मग ती का गेली नाही? त्या पेनड्राइव्हवरील मांडणी फॅट-३२ या पद्धतीची होती. या पद्धतीत फाईलीचा आकार लिहून ठेवायला ३२ बिट मिळतात. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २ चा ३२ वा घात वजा १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. त्याहून एक बाइटही मोठी फाईल तिथे ठेवता येत नाही. पडद्यावर तसा संदेश आला होता. आत्याने तो न वाचता 'वगळा' असे बटण दाबले. दोष तिचा नव्हता. मीच तिला वाचायला सांगितले नव्हते.

मग पेनड्राइव्हवरील सारे नव्या यंत्रात उतरवले आणि ते तपासले. त्यानंतरच पेनड्राइव्हवर एक्सफॅट ही नवी मांडणी केली, कारण नवी मांडणी करताना आतले सर्व पुसले जाते. आता चित्रफीतही आली.

आकडे जुळले, पण मजकूर?

संख्या व बाइट जुळले म्हणजे मजकूरही तोच, असे म्हणता येईल का? समजा चार दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये ७, २, ५, ९ असा आहे. बेरीज २३. नकलेत मधले दोन आकडे उलटे पडून ७, ५, २, ९ झाले, तरी बेरीज २३ च राहते. चूक लपली!

आता प्रत्येक आकड्याला त्याच्या जागेच्या क्रमांकाने गुणा आणि मग बेरीज घ्या.

मूळ: १×७ + २×२ + ३×५ + ४×९ = ६२
नक्कल: १×७ + २×५ + ३×२ + ४×९ = ५९

चूक उघडी पडली. दहा अंकी आयएसबीएन क्रमांकातील शेवटचा अंक अशाच जागावार गुणाकाराने ठरवलेला असतो.

कॉम्प्युटरमध्ये याहून पुष्कळ कडक कसोट्या आहेत. त्यांपैकी शा-२५६ ही कसोटी कोणत्याही फाईलीतून २५६ बिटांची एक खूण काढते. अशा खुणा एकंदर २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्येइतक्या असू शकतात. फाईलीतला एक बिट बदलला तरी खुणेतील जवळजवळ निम्मे बिट बदलतात. जणू फाईलीच्या अंगठ्याचा ठसाच! पावसाच्या फाईलीपुरती ही खूण आत्याने दोन्ही यंत्रांवर काढली. त्यासाठी मी सांगितलेली आज्ञा तिने अक्षर अक्षर परत उच्चारत लिहिली. ती निवृत्त शिक्षिका आहे; या वेळी चूक होणे शक्य नव्हते. खुणेची चिन्हे तिने मोठ्याने वाचली. जुळली!

तरीही वाचता येईना

मी म्हटले, आता काकांची एखादी नोंद उघड. तिने उघडली. क्षणभर फोनवर शांतता. मग म्हणाली, "अरे, हे इंग्रजी आहे. इंग्रजी पण नाही. नुसती खिचडी आहे."

एकही बिट बदलला नव्हता, हे आपण सिद्ध केले होते. मग हे काय?

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही. तो अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या क्रमांकाला कोणता आकार काढायचा हे फॉन्ट ठरवतो. पूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. जुन्या यंत्रात तो फॉन्ट होता, म्हणून मराठी दिसे. नव्यात तो नव्हता, म्हणून त्याच क्रमांकांची इंग्रजी अक्षरे दिसली. कुलूप आले, किल्ली तिकडेच राहिली!

युनिकोडमुळे हा घोळ मिटला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले. 'क' चा क्रमांक २३२५. तो जगातील कोणत्याही यंत्रावर 'क' च असतो.

सुदैवाने जुने यंत्र अजून चालू होते. आम्ही फाईली 'कट' न करता 'कॉपी' केल्या होत्या. मूळ तसेच होते. जुन्या यंत्रावरच नोंदींचे पीडीएफ केले. त्यात अक्षरांचे आकार फाईलीच्या पोटातच जातात. पुढे सवडीने परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणला. जोडाक्षरे व ऱ्हस्व-दीर्घ यांत चुका झाल्या होत्या. त्या आत्याने पीडीएफ समोर ठेवून सुधारल्या. शेवटी मूळ फाईल, पीडीएफ आणि युनिकोड, तिन्ही ठेवले.

म्हणून दुसरा नियम असा की नक्कल उघडून, वाचून, ऐकून पाहिल्याशिवाय मूळ पुसू नये.

आणखी दोन गोष्टी

पहिली, एक प्रत म्हणजे प्रत नव्हे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले होते. दोन प्रती एकाच कपाटात असतील तर पुरात दोन्ही जातील. म्हणून एक प्रत माझ्याकडे, दुसऱ्या गावी ठेवली आहे. पेनड्राइव्हवरही कायमचा विश्वास नको. त्यात माहिती विद्युत्‌भाराच्या रूपाने अडकवून ठेवलेली असते आणि तो भार वर्षानुवर्षे हळूहळू पाझरतो.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. दुरून दुसऱ्याचा पडदा पाहता येईल, अशी सोय आता यंत्रांत असते. त्यासाठी एक सांकेतिक अंक द्यावा लागतो. ज्याला आपण स्वतः फोन केला आणि ज्याचा आवाज आपण ओळखतो, त्यालाच तो द्यावा. 'तुमचा कॉम्प्युटर बिघडला आहे' असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाला कधीही देऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांना हे तुम्हीच समजावून सांगा.

सगळे आटोपल्यावर आत्याने एक ध्वनिफीत लावली. काका पावसाचा आकडा सांगत होते, मागे पागोळ्या गळत होत्या. फोनवरून मलाही ते ऐकू आले. नक्कल खरी उतरली होती.

करून पाहा

१. नोटपॅडमध्ये 'नमस्कार' एवढाच शब्द लिहून यूटीएफ-८ पद्धतीने जतन करा. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी ७ चिन्हे. प्रत्येकी ३ बाइट धरून फाईल २१ बाइटांची दिसेल. काही यंत्रांवर २४ दिसतील. ती यंत्रे सुरुवातीला ३ बाइटांची ओळखखूण आपण होऊन घालतात.

२. वरील पावसाच्या उदाहरणात जागावार बेरीज ६२ च राहील, पण आकडे वेगळे असतील, अशी चूक शोधून काढा. (पहिल्या दिवशी २ मिलिमीटर वाढवा आणि दुसऱ्या दिवशी किती कमी करायचे, याचा विचार करा.) मग ६२ सारख्या लहान खुणेऐवजी ७८ अंकी खूण का लागते, ते तुमचे तुम्हालाच कळेल.