सुखाचे माप आणि कर्माचे मोल

पूर्वपक्ष असा : सुखाची मात्रा समान असेल, तर पोरखेळ आणि काव्य यांचे मोल समानच. इंग्रज तत्त्ववेत्ता बेंथम याच्या १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे मत आले आहे.

उत्तर : धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. कित्येक शतके ती मातीखाली होती; कोणासही सुख देत नव्हती. म्हणून ती कोरण्याचे कर्म तेवढा काळ कवडीमोल ठरले काय? नाही. कर्माचे मोल त्याच्या स्वरूपात असते, केवळ सुखाच्या मात्रेत नव्हे.

ब्रह्मविद्येचा निर्णयही याच दिशेचा आहे. देवतांची फळे एकाहून एक अधिक सुखाची, परंतु सर्वच क्षयी. त्यांची कितीही बेरीज केली तरी परमेश्वराचा आनंद होत नाही. यास्तव साधकाने सुख किती, एवढेच न पाहता, ते कोणत्या जातीचे, हे आधी पाहावे.