मित्राची उसनवारी

वशिल्यानें काम करण्यांत आपण कांहीं वावगें करीत आहों, असें पुष्कळांस वाटत नाहीं. ओळखीच्या माणसास दिलें तर बिघडलें काय, असें म्हणून ते आपल्या मनाचें समाधान करितात. ह्या समजुतीपायीं अमेरिकेंतील एका मंत्र्याची काय गत झाली, ती हकीकत आज आपण अभ्यासूं.

संयुक्त संस्थानांच्या सरकारानें आपल्या आरमाराकरितां तेलाच्या कांहीं जमिनी राखून ठेविल्या होत्या. त्यांपैकीं एक वायोमिंग संस्थानांत असून, तेथील चहाच्या किटलीसारख्या खडकावरून तिला टीपॉट डोम हें नांव पडलें. दुसरी कॅलिफोर्नियांत एल्क हिल्स येथें होती. सन १९२१ मध्यें हार्डिंग हे अध्यक्ष असतां, अंतर्गत खात्याचे मंत्री आल्बर्ट फॉल ह्यांनीं अध्यक्षांच्या हुकुमानें ह्या जमिनी आरमाराकडून आपल्या खात्याकडे आणविल्या. पुढील वर्षीं त्यांनीं पहिली सिंक्लेअर ह्या तेलाच्या व्यापाऱ्यास, व दुसरी डोहेनी ह्या आपल्या जुन्या मित्रास ठेक्यानें दिली. लिलाव नाहीं कीं जाहिरात नाहीं! इतरांस बोली करण्याची संधिच मिळाली नाहीं.

फॉल ह्यांचें न्यू मेक्सिको संस्थानांत गुराढोरांचें विस्तीर्ण कुरण होतें. त्यावरील सुमारें दहा वर्षांचा सारा थकला होता. तो त्याच सुमारास एकाएकीं भरला गेला, दुरुस्त्या झाल्या, आणि सिंक्लेअरनें पाठविलेलीं जातिवंत गुरें तेथें चरूं लागलीं. आपल्या गांवीं कोणाच्या दारीं नवी बैलजोडी आली तर ती प्रथम शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरते. तेथेंही तसेंच झालें. त्या संस्थानांतील एका संपादकानें सन १९२३ मध्यें सेनेटच्या चौकशी कमिटीपुढें हें सर्व सांगितलें.

कमिटींत वॉल्श नांवाचे एक मोठे चिकाटीचे सभासद होते. पैसा कोठून आला, ह्या प्रश्नावर फॉल ह्यांनीं एका धनाढ्य वर्तमानपत्र-मालकाचें नांव सांगितलें. परंतु आपले चेक न वटवितांच परत आले, असें त्या गृहस्थानें वॉल्श ह्यांजपुढें कबूल केलें. मग जानेवारी १९२४ मध्यें डोहेनीनें स्वतःच सांगितलें कीं, १९२१ मध्यें आपण आपल्या मुलाच्या हातीं काळ्या पिशवींतून १,००,००० डॉलर रोख फॉल ह्यांस पाठविले. मात्र ती मित्राची उसनवारी होती, लांच नव्हे. पुढें त्यानें कर्जाची चिठ्ठीही दाखविली; तिच्यावरील सही फाडलेली होती! उसनवारी खरी, तर आधीं भलत्याचेंच नांव पुढें करण्याचें कारण काय? माझ्या मतें फॉल ह्यांचा पाय जो खोलांत गेला, तो ह्या असत्यामुळेंच.

सन १९२७ मध्यें वरिष्ठ कोर्टानें दोन्ही ठेके रद्द केले. सन १९२९ मध्यें फॉल ह्यांस लांच घेतल्याबद्दल एक वर्षाची कैद व १,००,००० डॉलर दंड झाला. मंत्रिपदावर असतां केलेल्या गुन्ह्याबद्दल तुरुंगांत गेलेले ते त्या देशाचे पहिलेच मंत्री होत. दंड भरण्याइतका पैसाही त्यांच्याजवळ उरला नव्हता. उलटपक्षीं तीच रक्कम देणारा डोहेनी १९३० मध्यें दुसऱ्या ज्यूरीपुढें निर्दोष सुटला. घेणारा दोषी आणि देणारा निर्दोष, हें कोडें मला तरी उलगडलेलें नाहीं.

पुढें कांहीं वर्षांनीं डोहेनीच्या कंपनीनें त्याच उसनवारीच्या वसुलीसाठीं फॉल ह्यांचें कुरण ताब्यांत घेतलें, व त्या वृद्ध, आजारी गृहस्थास राहतें घर सोडावें लागलें.