बोर्निओचा गोरा राजा खरा की खोटा?

प्रश्न : ‘फेअरवेल टू द किंग’ हा जुना इंग्रजी चित्रपट नुकताच पाहिला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातून पळालेला एक अमेरिकन बोर्निओच्या जंगलात मुंडकी तोडणाऱ्या टोळीचा राजा होतो. असं खरंच घडलं होतं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : राजा काल्पनिक, लढाई मात्र खरी.

जॉन मिलिअसचा हा चित्रपट १९८९ चा. निक नोल्टीने रंगवलेला लिअरॉईड हा पियेर शेंडोर्फर या फ्रेंच लेखकाच्या १९६९ च्या कादंबरीतला नायक. शेंडोर्फर स्वतः इंडोचायनात युद्धाचं चित्रण करणारा कॅमेरामन होता आणि दिएन बिएन फूला कैदही झाला होता, त्यामुळे जंगलातलं युद्ध त्याला ऐकीव नव्हतं. बोर्निओत गोरा राजा ही कल्पनाही अगदीच हवेतली नाही. जेम्स ब्रुक हा इंग्रज १८४१ मध्ये सारवाकचा राजा झाला आणि त्याच्या घराण्याची राजवट १९४६ पर्यंत टिकली. मुंडकी तोडण्याच्या प्रथेला आळा घातला तो याच ब्रुक मंडळींनी.

आता लढाईकडे वळू. २५ मार्च १९४५ रोजी टॉम हॅरिसन हा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ काही सैनिकांसह केलाबित लोकांच्या बारिओ पठारावर पॅराशूटने उतरला. ‘सेमुत’ हे त्या मोहिमेचं नाव. जपान्यांवर चिडलेले स्थानिक लोक बंदुका आणि विषारी बाणांच्या फुंकनळ्या घेऊन तिच्यात सामील झाले. चित्रपटातला नायजेल हेव्हर्सचा इंग्रज अधिकारी असाच आकाशातून उतरतो.

आणि अमेरिकन? तेही होते, पण पळपुटे नव्हेत. नोव्हेंबर १९४४ मध्ये पाडल्या गेलेल्या एका बॉम्बफेकी विमानातले वैमानिक जंगलात उतरले. लुन दाये लोकांनी त्यांना कित्येक महिने जपान्यांपासून लपवलं, पोसलं. पुढे हॅरिसनच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी भातखाचरावर बांबू अंथरून धावपट्टी तयार केली आणि छोट्या विमानांतून या पाहुण्यांची सुटका झाली. चिखलावर बांबूची धावपट्टी! पटकथाकाराने लिहिली असती तर आपण थाप म्हणून सोडून दिली असती.

माझी तक्रार इथेच आहे. चित्रपटातली टोळी जणू गोऱ्या माणसाने पुढारीपण करावं म्हणून थांबलेली दिसते. प्रत्यक्षात अमेरिकनांचा जीव त्या लोकांच्या हाती होता, आणि रोजचा भातसुद्धा. तरी सारवाकमध्ये जाऊन टिपलेलं जंगल आणि बेसिल पोलेडूरिसचं संगीत यांसाठी चित्रपट पाहावा.

त्यात जंगलभर भटकणारी जपानी तुकडी तुम्हाला अतिरंजित वाटली असेल, तर एवढंच सांगतो : जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली, त्यानंतरही दोन महिन्यांहून अधिक काळ एक जपानी तुकडी त्याच डोंगराळ भागात हत्यार न टाकता फिरत होती.