किरणोपचारातील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ

मुक्ताईनगर

चि. भाचीस,

किरणोपचारात कोणत्या भागाला किती डोस द्यायचा हे डॉक्टर ठरवतात आणि यंत्र तंत्रज्ञ चालवतात. ठरलेला डोस ठरलेल्या जागीच पोहोचतो आहे, याची जबाबदारी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाची. या कामात आकडा हेच औषध असते. म्हणून दुसऱ्या मार्गाने पडताळल्याशिवाय कोणताही आकडा, अगदी स्वतःचासुद्धा, खरा मानू नये.

काम यंत्रापासून सुरू होते. पहिला रुग्ण येण्याआधी लिनॅकचा, म्हणजे किरण देणाऱ्या रेखीय त्वरक यंत्राचा, आउटपुट तपासला जातो. रोजच्या तपासणीत ३ टक्के आणि महिन्याच्या तपासणीत २ टक्के फरक ही सर्वमान्य मर्यादा आहे. मूळ मोजमाप पाण्याच्या टाकीत आयन चेंबर हे किरण मोजणारे उपकरण ठेवून, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ या पद्धतीने होते. काही यंत्रांत लिनॅकऐवजी कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत असतो; त्याचा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षे असल्याने डोसदर दर महिन्याला सुमारे १ टक्का घटतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले भाभाट्रॉन हे अशाच कोबाल्टवर चालणारे स्वदेशी यंत्र आहे.

दुसरा भाग उपचाराच्या प्लॅनचा. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात गाठीच्या जागी ६० ते ७० ग्रे (ग्रे हे डोसचे एकक) डोस, रोज साधारण २ ग्रे याप्रमाणे, सहा-सात आठवड्यांत दिला जातो. त्याच वेळी मज्जारज्जूला साधारण ४५ ग्रेच्या आत ठेवायचे आणि लाळग्रंथीही शक्य तितक्या वाचवायच्या असतात. खानदेशातला रुग्ण मुंबईला किंवा नाशिकला खोली घेऊन ‘लाईट’, म्हणजे किरणोपचार, घ्यायला राहतो, तेव्हा यंत्र बंद पडून गेलेला दिवस त्याला खर्चातही महाग पडतो आणि उपचारातही, कारण खंड पडला की गाठीतल्या पेशींना पुन्हा वाढायला वाव मिळतो. म्हणून यंत्राच्या देखभालीत चालढकल नको. खंड पडलाच, तर तो कसा भरून काढायचा हे डॉक्टरांबरोबर बसून लगेच ठरवावे.

पडताळणी राहून गेली तर काय होते, याचे एक उदाहरण. १९९६ साली कोस्टारिकाची राजधानी सान होसे येथे कोबाल्टचा नवा स्रोत बसवल्यावर डोसदर मोजताना ०.३ मिनिट, म्हणजे १८ सेकंद, हा काळ ३० सेकंद धरला गेला. डोसदर कमी भासला, उपचाराची वेळ वाढली आणि शंभराहून अधिक रुग्णांना फार जास्त डोस मिळाला. काहींचा त्यात मृत्यू झाला. दुसऱ्या कोणी तेच मोजमाप स्वतंत्रपणे केले असते, तर चूक पहिल्याच दिवशी सापडली असती. सहकाऱ्याच्या वहीतला आकडा पाहून सही करणे म्हणजे पडताळणी नव्हे. मोजणी मुळापासून पुन्हा करावी.

या कामामुळे प्रकृतीला धोका होईल, अशी भीती घरच्यांना वाटते. भारतात किरणोत्साराजवळ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे. जाड काँक्रीटच्या भिंती आणि दाराचे इंटरलॉक यांमुळे प्रत्यक्षात मिळणारा डोस त्याहून पुष्कळ कमी राहतो. अंगावर पडलेला डोस नोंदवणारा टीएलडी बॅज मात्र कामावर असताना नेहमी लावावा.

शिक्षणाची वाट सरळ आहे. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून किंवा अन्यत्र एम.एस्सी. करावे. दोन्हीकडे ६० टक्क्यांच्या वर राहावे. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६२ पासून चालू असलेला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्याची प्रवेश परीक्षा कठीण असते. नंतर किरणोपचार विभागात एक वर्षाची इंटर्नशिप करावी लागते. किरण सुरक्षा अधिकारी होण्यासाठी वेगळी परीक्षा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते.

अणुभौतिकी आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पाया आतापासूनच पक्का करावा, संगणकाची एखादी भाषा शिकावी. प्रयोगवहीत खाडाखोड न लपवता लिहिण्याची सवय लावावी. या पेशात ज्येष्ठ डॉक्टरांना किंवा व्यवस्थापनाला ‘आज यंत्र सुरू करता येणार नाही’ असे सांगावे लागण्याचा प्रसंग येतोच. बाहेर रुग्णांची रांग असतानाही ते शांतपणे, हातात मोजमाप घेऊन सांगता आले पाहिजे. ही तयारी असेल तर हे क्षेत्र जरूर निवडावे.

मामांचे आशीर्वाद